तीन बोटांएवढं तोंड

आमच्या वस्तीत तंबाखूविरुद्ध ठराव झाला तो विहारात, एका रविवारी, वंदना संपल्यावर. विषय मुळात तंबाखूचा नव्हताच, विहाराच्या मागच्या भिंतीचा होता. महिला मंडळाने ती भिंत नुकतीच पांढरी करून घेतलेली, आणि पाहता पाहता तिच्यावर लाल पिचकाऱ्या उमटल्या. आमच्या मंडळाच्या अध्यक्ष महापालिकेच्या शाळेतून रिटायर झालेल्या शिक्षिका आहेत. सगळी वस्ती त्यांना नुसतं 'बाई' म्हणते. बाईंनी पिचकाऱ्या किती उंचीवर आहेत ते स्वतःच्या कमरेला हात लावून दाखवलं आणि म्हणाल्या, "मोठा माणूस एवढ्या खाली थुंकत नाही."

हॉलमध्ये प्रत्येक जण मनातल्या मनात आपल्या घरातल्या मुलाची उंची मोजत असणार. मीही मोजली. माझी मुलगी सहावीत होती.

विठ्ठलवाडी स्टेशनला लागून आमच्या चाळी आहेत, पुलापलीकडे गेलं की उल्हासनगर. मी मानपाड्याला एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. हिशेब आणि पत्रव्यवहार जमतो म्हणून मंडळाने मला सेक्रेटरी केलेलं. म्हणजे ठराव लिहायचं काम माझंच. पण त्या दिवशी काय लिहावं ते मला बराच वेळ कळत नव्हतं, कारण जो तो वेगळंच बोलत होता.

रेल्वेतून रिटायर झालेले एक काका उठले. म्हणाले, पंचशीलातल्या पाचव्या शीलात दारू येते, तंबाखू येत नाही. बाई म्हणाल्या, "मादक म्हणजे मादक." काका म्हणाले, "तंबाखू खाऊन कोणी बायकोवर हात उचललेला ऐकलाय का तुम्ही?" मागे बायका हसल्या. माझ्या शेजारी माझ्या सासूबाई बसलेल्या. त्यांच्या तोंडात तेव्हा मशेरी होती, त्यामुळे त्या हसूही शकल्या नाहीत आणि बोलूही शकल्या नाहीत.

मग सगळ्यांच्या नजरा टपरीवाल्या काकांकडे गेल्या. नाक्यावर त्यांची टपरी आहे. लहानपणी पोलिओ झालेला, म्हणून त्यांना अपंगांच्या कोट्यातून टेलिफोन बूथ मिळालेलं. फोन गेले, बूथ राहिलं, आणि त्यात बिस्किटं, शाम्पू, विड्या, पुड्या आल्या. जयंतीच्या वर्गणीत त्यांचा हात कधी आखडता नसतो. ते बसल्या जागेवरूनच बोलले.

"लहान पोराला त्याच्यासाठी म्हणून मी कधीच देत नाही. पण पोरगं येतं आणि सांगतं, पप्पांनी मागवलंय. आता पप्पांनी मागवलंय की त्यानेच, हे मी कसं ओळखायचं? त्याच्या तोंडाचा वास घेऊ?"

आमच्याकडे दुकानात जायचं काम मुलांचंच. दूध आण, कोथिंबीर आण, तशीच पुडी आण. बाईंनी थोडा विचार केला आणि सरळ ठरवून टाकलं. आजपासून कोणीही मुलांना तंबाखू आणायला पाठवायचं नाही. ज्याला हवी त्याने स्वतः जावं. टपरीवर मूल आलं तर ते कोणाच्याही नावाने आलेलं असो, द्यायचं नाही. मान्य असेल त्यांनी हात वर करा. सगळ्यांनी हात वर केले. सासूबाईंनीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर सासूबाई दारातच बसलेल्या. त्यांच्या माहेरी सगळ्या बायका मशेरी लावायच्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून तव्यावर तंबाखू भाजून, चुरून, डबीत भरून ठेवायची त्यांची सवय. आणि तंबाखूचं पान आणायला जायची माझी मुलगी.

"अगं, मग माझी तंबाखू आता कोण आणणार?"

"आई, तुम्हीच हात वर केलेला ना."

"सगळ्यांनी केला म्हणून मी केला. माझे गुडघे काय सगळ्यांचे आहेत का?"

माझ्या नवऱ्याने साफ सांगितलं, मी यात पडणार नाही. शेवटी मीच गेले. टपरीवर आदल्या संध्याकाळीच नवा बोर्ड लागलेला. 'अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू मिळणार नाही. मुलांना आणायला पाठवू नये.' त्याचा खिळा ठोकताना खुर्ची धरायला मीच उभी होते. आता त्याच बोर्डाखाली उभं राहून मी तंबाखू मागितली. काकांनी कागदात गुंडाळून दिली आणि माझ्याकडे न बघता दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागले. मी नियम पाळत होते की मोडत होते, ते घरी पोचेपर्यंत मला ठरवता आलं नाही.

थोड्याच दिवसांत सासूबाईंना माझ्या तोंडाकडे बघून काय वाटलं कोणास ठाऊक, त्या स्वतःच काठी घेऊन निघायला लागल्या. आधी रोज कुरकुर. मग नाक्यावर त्यांच्या वयाच्या दोघी-तिघी भेटायला लागल्या आणि त्या टपरीसमोरच्या कट्ट्यावर संध्याकाळ काढायला लागल्या. चालण्याने गुडघ्यांना बरं वाटतंय म्हणाल्या. मशेरी मात्र वाढली, कारण आता आणणं सोपं झालेलं. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे आपण धरलंच नव्हतं."

तो बोर्ड लिहिला होता आमच्या चाळीतल्या एका मुलीने. नववीत होती. अक्षर असं की छापलंय असं वाटावं. रविवारी ती लहान मुलांना ओळीत बसवून त्यांच्याकडून वंदना म्हणून घ्यायची, उच्चार चुकला की हसत दुरुस्त करायची. बोर्डावरचं दुसरं वाक्य तिनेच सुचवलेलं. मी नुसतं पहिलं सांगितलं होतं. ती म्हणाली, "काकी, मुलं आपणहून थोडी जातात? घरचे पाठवतात. ते पण लिहू या." माझी मुलगी तिला दीदी म्हणायची आणि तिच्यासारख्या दोन वेण्या घालायचा हट्ट करायची.

ठरावानंतर बाईंनी त्यांची एक जुनी विद्यार्थिनी बोलावली. ती दातांची डॉक्टर झालेली, डोंबिवलीला तिचं क्लिनिक. रविवारी सकाळी ती बॅग आणि टॉर्च घेऊन आली. विहाराच्या खिडकीशी प्लास्टिकची खुर्ची मांडली आणि मुलांची रांग लागली. भिंतीमागे उभी राहणारी पोरं कोण, हे एव्हाना सगळ्यांना कळलेलं, त्यामुळे त्यांच्या आयांनी त्यांना अक्षरशः दंडाला धरून आणलेलं.

डॉक्टरने आधी लांबलचक भाषण वगैरे केलं नाही. म्हणाली, "तीन बोटं अशी उभी धरा, एकावर एक, आणि तोंडात घाला. दातांच्या मधे. जातात का बघू."

मुलांना हा खेळच वाटला. तीन काय, एकाने चार घालून दाखवली. "डॉक्टर, इसका तो मुक्का भी जाएगा," दुसरा म्हणाला. हसणं, ढकलाढकली. दोन मुलांचे दात डागाळलेले होते, एकाच्या गालात आतून पांढरट चट्टा होता. डॉक्टरने त्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात काही सांगितलं. ती पोरं परत आली तेव्हा हसत नव्हती. मला वाटलं, झालं काम. जे शोधायचं होतं ते सापडलं.

बोर्ड लिहिणारी ती मुलगी लहानग्यांची रांग सांभाळत होती. सगळे संपल्यावर डॉक्टर तिला म्हणाली, "तू पण ये गं."

"मला कशाला? मी कुठं काय खाते."

"अगं ये तर. सगळ्यांचं बघितलं, तुझं पण बघते."

ती आली. बोटं उभी धरली. दोन गेली. तिसरं जाईना. ती हसली आणि बोटं जराशी तिरकी करून घालायला लागली. डॉक्टर म्हणाली, "तिरकी नाही, सरळ." मग परत दोनच. डॉक्टरने टॉर्च लावला, गालाला आतून बोट लावून बघितलं, आणि विचारलं, "तिखट खाल्लं की आग होते का?"

मुलीने मान हलवली. हो.

"कधीपासून?"

"मागच्या वर्षीपासून. मला वाटलं उष्णता आहे."

डॉक्टरने तिला पाणी प्यायला पाठवलं आणि मला जवळ बोलावलं. "तुम्ही हिच्या आई?"

"नाही, शेजारी."

"आईला घेऊन क्लिनिकला या. लवकर. गाल आतून कडक व्हायला लागलेत. सुपारी आणि तंबाखूने होतं हे. आणि प्लीज, तिला ओरडू नका कोणी."

मी म्हटलं, "डॉक्टर, तुमचं काहीतरी चुकतंय. नाक्यावरचा बोर्ड हिनेच लिहिलाय."

तिने बॅगेतून क्लिनिकचं कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं.

घरी जाताना मला आठवलं, माझ्या मुलीच्या वाढदिवसाला आम्ही सगळ्या मुलींना घेऊन पाणीपुरी खायला गेलेलो. बाकीच्या आख्खी पुरी तोंडात कोंबत होत्या. ही प्लेटमध्ये पुरी फोडून तुकडे खात होती, तेही तिखट पाण्याशिवाय. आम्ही तिला म्हटलेलं, किती नाजूक गं तू.

तिची आई घरी धागे कापायचं काम करते. उल्हासनगरला जीन्स शिवायचे कारखाने आहेत. तिथून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे येतात. शिलाईचे लोंबणारे धागे छोट्या कटरने कापून, घडी घालून परत द्यायच्या. आमच्या चाळीत बऱ्याच घरांत हे काम चालतं. मी संध्याकाळी गेले तर खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. आई, शेजारच्या दोन बायका आणि ती मुलगी, चौघी निळ्या ढिगात बसलेल्या. पंखा बंद, कारण पंखा लावला की धागे उडतात. हवेत निळा भुसा. सगळ्यांच्या मधे एका स्टीलच्या डबीचं झाकण, त्यात सुपारी आणि तंबाखूच्या दोन पुड्या एकत्र केलेल्या. बोलता बोलता एकीचा हात गेला, चिमूट उचलली, गालात ठेवली, परत कटर हातात. कोणी बघितलंही नाही. मी इतकी वर्षं त्या घरात जात होते, ते झाकण मी नक्कीच आधी पाहिलेलं होतं.

मी आईला बाहेर बोलावलं आणि सांगितलं. ती आधी म्हणाली, "ती खात नाही. तोंडाला बरं वाटायला सुपारी घेते कधी." मग म्हणाली, "सगळ्याच घेतात ताई. घशात धूळ जात नाही त्याने. भूक लागत नाही. माल रात्रीपर्यंत द्यायचा असतो." मग एकदम तिचा आवाज चढला. "आणि तुम्ही मला शिकवायला आलात? तुमची सासू काय लावते ते काय आम्हाला माहीत नाही? तुम्ही दिवसभर ऑफिसात पंख्याखाली. तुमच्या विहाराच्या हॉलला चार पंखे आहेत, दुपारी कुलूप असतं त्याला. आम्ही इथं उकडतोय."

मी म्हटलं, "मी शिकवायला नाही आले. मला डॉक्टरने सांगितलं ते सांगायला आले."

तेवढ्यात मुलगी दाराशी आली. तिला सगळं ऐकू गेलेलं. ती घाबरलेली नव्हती, गोंधळलेली होती. म्हणाली, "काकी, मला खरंच वाटलं नाही की हे ते आहे. ती पोरं भिंतीमागे लपून खातात ना, व्यसन म्हणजे ते. मी तर इथं आईबरोबर काम करताना घेते."

मुलं आईच्या घरात, आईच्या समोर, तिच्याच झाकणातून घेत असतील, तर आम्ही लावलेला बोर्ड नेमका कोणासाठी होता? आणि आई तरी काय करत होती? तिला कोणी सांगितलं होतं का कधी? मी घरी आले तर सासूबाई तव्यावर तंबाखू भाजत होत्या आणि माझी मुलगी शेजारी बसून अभ्यास करत होती. तो वास तिच्या वह्यांना येतो. मी गॅस बंद केला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, अजून कच्ची आहे." मी म्हटलं, "आजपासून मुलगी शाळेत गेल्यावर भाजा." त्यांनी वाद घातला नाही.

आम्ही कोणी काही बोललो नाही तरी गोष्ट पसरली. 'बोर्डवाली' म्हणून पोरं तिला चिडवायला लागली. "बोर्डवाली, एक पुडी दे ना." पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही. लहान मुलं ओळीत बसायची आणि पुढे कोणीच नसायचं. माझ्या मुलीने विचारलं, "आई, दीदी वाईट आहे का?" मी लगेच नाही म्हटलं. मग तिने विचारलं, "मग भिंतीमागचे दादा वाईट आहेत का?" त्यावर मात्र मी थांबले. आतापर्यंत आम्ही घराघरांत तसंच बोलत आलेलो.

बाईंची आणि माझी पहिल्यांदा वादावादी झाली ती यावरून. बाईंचं म्हणणं, नाव न घेता तिचं उदाहरण सांगू, म्हणजे बाकीच्यांना धाक बसेल. मी म्हटलं, "बाई, नाव न घेता म्हणजे काय? चाळीत कोणाला कळणार नाही?" त्या म्हणाल्या, "मग गप्प बसून काय मिळणार आहे?" दोघींचंही बरोबर वाटत होतं. शेवटी मी वैतागून त्या आईचं हॉलच्या पंख्यांबद्दलचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं बाई चिडतील. त्या म्हणाल्या, "चार नाहीत, सहा आहेत. आणि खरंच दुपारी कुलूप असतं."

त्यातून मार्ग निघाला. दुपारी हॉल उघडायचा. धागे कापणाऱ्या बायकांनी गठ्ठे घेऊन तिथं बसायचं. पंखे लावले की धागे उडतात, तर कडेने जुन्या साड्या बांधायच्या आणि पंखे हळू ठेवायचे. तोंडाला ओढणी बांधायची. एकच अट, हॉलमध्ये पुडी आणायची नाही. झाकणात बडीशेप, भाजलेली जवस, ओवा. रेल्वेवाल्या काकांना ते पटलं नाही. विहारात जीन्सचे गठ्ठे हे त्यांना कसंसंच वाटत होतं. बाई म्हणाल्या, "बायका कामाला बसल्या तर विहार विटाळत नाही." काका पुढचे बरेच दिवस दुपारी त्या बाजूला फिरकले नाहीत.

पहिला आठवडा चांगला गेला. बायका आल्या. तलफ आली की एकेक जण उठून बाहेर पायरीवर जायची, घेऊन परत यायची. पण निदान मुलांसमोर नाही. मी सुट्टीच्या दिवशी गेले तेव्हा मला बरं वाटलं. मग माझ्या लक्षात आलं की कडेला चार-पाच मुलं बसलीत आणि त्यांच्याही हातात कटर आहेत. शाळेतून आली की आयांच्या शेजारी बसून कापायला लागायची, घरी बसायची तशीच.

बाईंनी ते पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी जागा दिली ती पोरांची पुडी सुटावी म्हणून. पोरांना कामाला बसवायला नाही."

एक बाई म्हणाली, "हात कमी झाले तर माल पूर्ण होत नाही बाई. माल पूर्ण नाही झाला तर उद्या गठ्ठा दुसरीकडे जातो."

मी मधे उभी. एका बाजूला बाई, ज्यांचं शंभर टक्के खरं होतं. दुसऱ्या बाजूला त्या बायका, ज्या खोटं बोलत नव्हत्या. आम्ही तंबाखू थांबवायला निघालेलो आणि वाटेत हे दुसरंच समोर आलेलं. ते डोळ्यांसमोर असून आम्ही कधी त्याचं नावही घेतलं नव्हतं. बाईंनी शेवटी ठरवलं की मुलांनी हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसून अभ्यास करायचा, आणि त्या स्वतः रोज येऊन घेतील. मुलांनी कटरला हात लावायचा नाही. हे ऐकून निम्म्या बायका गठ्ठे उचलून घरी गेल्या. त्यांना मी काय म्हणणार होते?

त्या मुलीची आई मात्र थांबली. मला नवल वाटलं, कारण हॉलवरून सगळ्यात जास्त बोलली होती तीच, आणि मुलीचा हात थांबल्याने सगळ्यात जास्त अडचण पण तिचीच होणार होती. मी विचारलं तर कटर न थांबवता म्हणाली, "मी घरी गेले की ती पण घरी येणार. मग झाकण पण येणार."

क्लिनिकमधून डॉक्टरने आम्हाला ठाण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. आईला काम सोडून सारखं येणं जमेना, म्हणून काही वेळा मी हाफ डे टाकून मुलीबरोबर जायचे. तिथले डॉक्टर गालात इंजेक्शनं द्यायचे. ती खुर्चीचे हात घट्ट धरायची, पण आवाज काढायची नाही. घरी करायला व्यायाम दिलेला. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, तोंडाला सवय झाली की अजून एक काडी वाढवायची. पहिल्या दिवशी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग ती काड्या तोंडात धरूनच गणितं सोडवायला लागली.

एकदा परत येताना रिक्षात ती बाहेर बघत म्हणाली, "काकी, खोटं सांगू की खरं?"

"खरं."

"परवा मावसबहिणीच्या हळदीला गेलेलो ना, तिथं खाल्ली. एकदाच. सगळ्या घेत होत्या."

मी काय बोलायला हवं होतं ते मला अजून कळलेलं नाही. रागावले असते तर तिने पुढे सांगितलं नसतं. काही नाही बोलले असते तर तिला वाटलं असतं चालतं. मी म्हटलं, "सांगितलंस ते बरं केलंस." ती म्हणाली, "डॉक्टरांना सांगायचं?" मी म्हटलं, "तूच ठरव." पुढच्या वेळी तिने स्वतः सांगितलं. डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढची तारीख दिली, एवढंच.

मग एका रविवारी ती विहारात आली. मागे जाऊन बसली, तोंडात काड्या. लहान मुलं वंदना सोडून तिच्याकडे बघायला लागली. एकाने मोठ्याने विचारलं, "दीदी, तू आईस्क्रीम खाल्लं?" ती उठून पुढे आली. काड्या काढल्या, ओढणीला पुसल्या. म्हणाली, "नाही. मी सुपारी आणि तंबाखू खायचे, म्हणून माझं तोंड उघडत नाही. हे उघडायला लावलंय. बघा." आणि तिने तोंड उघडून दाखवलं, जेवढं उघडत होतं तेवढं.

हे तिला कोणी करायला सांगितलं नव्हतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी बाईंकडे. ज्यावरून आम्ही भांडलो होतो ते तिने स्वतःच करून टाकलं. तिला थांबवायला हवं होतं का? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने हे का करावं? मला अभिमानही वाटत होता आणि ते बघवत पण नव्हतं. लहान मुलं आपापली बोटं तोंडात घालून बघायला लागली. भिंतीमागच्या पोरांपैकी एक दाराशी उभा होता. त्यानंतर तिला 'बोर्डवाली' म्हणणारं मी तरी कोणी ऐकलं नाही.

भिंत आता पांढरी आहे. पण पुलाखाली दुसरी एक टपरी सुरू झालीय आणि आमच्यातली काही पोरं तिकडे उभी दिसतात. टपरीवाल्या काकांनी पुड्या मागच्या फळीवर नेऊन पुढे चिक्की आणि शेंगदाण्याच्या बरण्या ठेवल्यात. ते मुलांना खरंच देत नाहीत. कधीकधी माझ्याकडे बघून म्हणतात, "मॅडम, तिकडे देतात हो." हॉल दुपारी अजून उघडतो. घरी गेलेल्या बायकांपैकी काही परत आल्या, काही नाही.

मध्यंतरी आमच्या कंपनीतल्या एका मैत्रिणीने मला मानपाड्याला तिच्या सोसायटीत बोलायला नेलं. 'तुमची वस्ती तंबाखूमुक्त कशी केलीत ते सांग,' म्हणाली. मी उभी राहिले आणि पहिल्याच वाक्यात अडले, कारण आमची वस्ती तंबाखूमुक्त झालेली नाही. मी जे घडलं ते सांगितलं. शेवटी एका बाईने विचारलं, "मग सुरुवात कुठून करायची?" मी म्हटलं, "मला नक्की माहीत नाही. आम्ही भिंतीपासून केली, ती चुकीची जागा होती. पण तिथून केली नसती तर बाकीचं कळलंही नसतं." तिला ते पुरेसं वाटलं नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला तरी कुठे वाटलं होतं.

ती मुलगी आता अकरावीला आहे, कल्याणला कॉमर्सला. दर काही महिन्यांनी दाखवायला जावं लागतं आणि डॉक्टर म्हणतात, पुढेही जावं लागेल. परवा आम्ही दोघी ठाण्याला गेलेलो. डॉक्टरांनी मोजपट्टीने तोंड मोजलं, गाल बघितले आणि म्हणाले, "मागच्या वेळेएवढंच आहे. छान."

बाहेर आल्यावर ती जिन्यात थांबली. "काकी, एवढंच आहे म्हणजे वाढलं नाही."

"हो. पण कमी पण नाही झालं."

"मग खूश व्हायचं का?"

मी जरा विचार केला. म्हटलं, "डॉक्टर छान म्हणाले ना. मला वाटतं, व्हायचं."

"बरं," ती म्हणाली, आणि आम्ही कल्याणच्या बसच्या रांगेत जाऊन उभ्या राहिलो.